लेक इथली, बायको इथली, मी मात्र दरवर्षीचा पाहुणा

दर नोव्हेंबरात आमच्या घरी एक काम ठरलेलं असतं. घराचा नंबर दिसेल असं तिघांनी दारात उभं राहून एक फोटो, मग हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात एक, आणि नवरा-बायको पलंगाच्या कडेला बसलेत असा बेडरूममधला एक. शेजारच्या मावशी फोटो काढून देतात आणि साक्षीदार म्हणून सहीपण त्याच करतात, घराकडे यायच्या रस्त्याचा नकाशा लागतो तो आता लेक काढते, नऊ वर्षांची आहे आणि तिला तो पाठ झालाय. हे सगळं थायलंडच्या इमिग्रेशनच्या फायलीत जातं. आमचं लग्न खरं आहे आणि आम्ही एकाच घरात राहतो याचा हा पुरावा, आणि लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मी तो दरवर्षी नव्याने देतो.

मी मूळचा कराडजवळचा. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत होतो, तिथून २०१२ मध्ये थायलंडच्या ईस्टर्न सीबोर्ड या कारखान्यांच्या पट्ट्यात आलो, २०१४ मध्ये लग्न झालं. बायको खोन केनकडची, म्हणजे ईशान्येकडचा इसान भाग, घरी भातशेती, पाऊस आला तर पीक नाहीतर पोरं बँकॉकला कामाला, आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला ते घर लगेच ओळखीचं वाटेल. थाई भाषेत आपल्यासारख्या भारतीय उपखंडातल्या लोकांना ‘खॅक’ म्हणतात, आणि ‘खॅक’चा दुसरा अर्थ आहे पाहुणा. बँकॉकच्या सीलोममधल्या मारीअम्मनच्या देवळालाही सगळे ‘वाट खॅक’च म्हणतात, थाईत वाट म्हणजे देऊळ. सासरची माणसं हा शब्द प्रेमाने वापरतात, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते कायद्याने मला पाहुणा ठेवलंय त्याचं, माझ्या व्हिसाचं नावच नॉन-इमिग्रंट, म्हणजे हा इथे राहायला आलेला नाही असं गृहीत धरलेलं. आपल्यात म्हणतात ना, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई. मी तेरा वर्षं राहतोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याचा जोडीदार आणि लेकरू एखाद्या देशाचे नागरिक आहेत आणि ज्याचा संसार तिथेच आहे त्याचं तिथलं राहणं वर्षावर्षाच्या परवानगीवर ठेवू नये. सुरुवातीला लांब मुदतीचा फॅमिली व्हिसा द्यावा, आणि पुढे ज्याला हवं त्याला नागरिकत्व, पण आधीचं सोडायला न लावता. ही दुसरी गोष्ट मी थायलंडइतकीच, खरंतर जास्तच, भारताला म्हणतोय.

आधी नियम सांगतो, कारण कराडला गेलो की निम्म्या लोकांना वाटत असतं की थाई मुलीशी लग्न केलं की विषय संपला. तर असं आहे की लग्नाच्या आधारावर राहायची मुदत मिळते ती एका वेळी एक वर्षाची, फी १,९०० बाहत, ती काही फार नाही, पण त्यासाठी परदेशी नवऱ्याने एकतर थाई बँकेत ४ लाख बाहत दोन महिने आधीपासून ठेवलेले पाहिजेत नाहीतर महिन्याला ४० हजार बाहत उत्पन्न दाखवलं पाहिजे. ४ लाख बाहत म्हणजे आपले दहा लाखांच्या आसपास. अर्ज दिल्यावर लगेच वर्ष मिळत नाही, ‘विचाराधीन’ असा शिक्का मारून ३० दिवसांनी परत बोलावतात, मधल्या काळात कधीकधी घरी बघायला येतात. मुदत मिळाली तरी दर ९० दिवसांनी टीएम ४७ फॉर्म भरून मी अजून त्याच पत्त्यावर आहे हे कळवायचं. घरमालकाने परदेशी माणूस घरी राहायला आल्याची खबर २४ तासांत टीएम ३० वर द्यायची, आमच्या बाबतीत घरमालक म्हणजे बायको, म्हणजे स्वतःचा नवरा घरी आला याची नोंद तिने सरकारकडे करायची. आणि देशाबाहेर जाताना रीएंट्री परमिट काढायचं, एका वेळचं १,००० बाहत, अनेक वेळचं ३,८००, ते विसरलात तर अख्ख्या वर्षाची मुदत तिथेच रद्द.

यात एक गोष्ट आहे जी मला फार खटकते आणि ज्यावर आपली माणसं बोलत नाहीत. ४ लाखांची अट परदेशी नवऱ्याला आहे, थाई पुरुषाच्या परदेशी बायकोला नाही. म्हणजे नवरा कमावणार आणि बायको त्याच्यावर अवलंबून असणार या समजुतीवरच नियम उभा आहे. मेकाँग नदीच्या अलीकडे थायलंडचं नोंग खाय आणि पलीकडे लाओस, दोन्हीकडची भाषा जवळजवळ एक, लग्नं पिढ्यान्‌पिढ्या होतात. लाओ बाई थाई पुरुषाशी लग्न करून आली तर तिला बँकेत पैसे दाखवावे लागत नाहीत, पण थाई बाईने लाओ पुरुषाशी लग्न केलं तर त्याने ४० हजार महिन्याला दाखवायचे. इथे किमान मजुरी दिवसाला ४०० बाहतच्या आतबाहेर आहे, महिनाभर राबून त्याच्या हातात दहा-अकरा हजार पडतात, तो ४० हजार कुठून आणणार? तो मग लग्नाच्या व्हिसाच्या वाटेला जातच नाही, मजुरीच्या परवान्यावर राहतो किंवा लपून राहतो. माझ्यासारख्याचं रडगाणं ऐकायला निदान कोणीतरी आहे, त्याचं कोणी ऐकत नाही, आणि नियमाचा सगळ्यात जास्त मार त्याच्या बायकोलाच बसतो, जी थाई नागरिक आहे. तिच्याच देशाने तिला सांगितलंय की तुझ्या नवऱ्याची ऐपत असेल तरच तुमचं घर एकत्र.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. सप्टेंबर २०२२ पासून थायलंडने लॉंग टर्म रेसिडेंट म्हणजे एलटीआर व्हिसा सुरू केला, श्रीमंत माणसं, मोठे पेन्शनर, मोठ्या पगाराचे एक्स्पर्ट यांच्यासाठी, १० वर्षांचा, ९० दिवसांच्या ऐवजी वर्षातून एकदा पत्ता कळवायचा, रीएंट्रीची भानगड नाही. प्रिव्हिलेज कार्ड म्हणून एक मेंबरशिप आहे, लाखो बाहत भरले की ५ वर्षांपासून २० वर्षांपर्यंत राहता येतं. २०२४ मध्ये लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी ५ वर्षांचा डीटीव्ही व्हिसा आला, ५ लाख बाहत दाखवले की झालं. या लोकांना देऊ नका असं मी म्हणत नाही, देशाला पैसा हवा असतो आणि तो त्यांनी आणावा. पण याचा अर्थ असा होतो की माणसाला दहा वर्षं विश्वासाने ठेवायची यंत्रणा या सरकारकडे तयार आहे, वर्षातून एकदा पत्ता कळवला तर सुरक्षेला धोका होत नाही हेही त्यांनी मान्य केलंय. मग हीच सवलत थाई मुलांच्या आईबापांना द्यायला अडचण काय?

परवानगी आणि हक्क यातला फरक मला पुस्तकातून कळला नाही, २०२० मध्ये कळला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वडिलांचं ऑपरेशन होतं म्हणून मी एकटाच कराडला आलो, दोन आठवड्यांसाठी, रीएंट्री परमिट व्यवस्थित काढून. २२ मार्चपासून भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली, एप्रिलच्या सुरुवातीला थायलंडनेही येणारी विमानं बंद केली. लेक तेव्हा चार वर्षांची. पुढे थायलंडने आपल्या नागरिकांना परत आणायला खास विमानं सोडली, ते योग्यच होतं, तिथल्या २०१७ च्या राज्यघटनेच्या कलम ३९ मध्येच लिहिलंय की थाई नागरिकाला देशात यायला कोणी मनाई करू शकत नाही. मी त्या कलमात बसत नव्हतो. थाई नागरिकांचे परदेशी नवरे-बायका यांना परत यायची वाट उघडली ती जुलैमध्ये, त्यासाठी दूतावासाचं सर्टिफिकेट ऑफ एंट्री, १ लाख डॉलरचा विमा, प्रवासाला फिट असल्याचा डॉक्टरचा दाखला आणि तिथे पोचल्यावर १४ दिवस हॉटेलात क्वारंटाइन. विमान मिळेपर्यंत सप्टेंबर उजाडला.

मधल्या काळात, जूनमध्ये, माझी वर्षाची मुदत संपली. जे परदेशी थायलंडमध्ये अडकले होते त्यांना सरकारने मुदती वाढवून दिल्या, जे बाहेर अडकले त्यांची मुदत बाहेरच संपली आणि त्यासोबत रीएंट्री परमिटही. म्हणजे सहा वर्षांच्या संसारानंतर मी पुन्हा नवा व्हिसा घेऊन, ९० दिवसांचा, पहिल्यांदाच आल्यासारखा उतरलो. नोकरी मे महिन्यातच गेली होती, त्यामुळे पगाराचे कागद नाहीत, म्हणजे ४ लाख बाहत बँकेत दोन महिने आधीपासून दाखवायचे. क्वारंटाइनच्या खोलीत बसून मी हिशेब करत होतो की डिसेंबरला मुदत संपणार तर पैसे कुठल्या तारखेपर्यंत खात्यात आले पाहिजेत. आईने कराडच्या बँकेतली एफडी मोडली, मेव्हणीने तिच्याकडचं सोनं गहाण ठेवलं. पैसे कुठे खर्च झाले नाहीत, नुसते खात्यात पडून होते, पण ते तिथे नसते तर लेकीजवळ राहायचा माझा आधार गेला असता. त्यानंतर नवीन नोकरी लागली, आता पगारावर भागतं, पण त्या डिसेंबरनंतर नोकरी जाण्याची भीती आणि लेकीपासून तुटायची भीती माझ्या डोक्यात एकच झालीय.

आणि भारताने काय केलं हेही सांगायला पाहिजे नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं होईल. लेकीकडे ओसीआय कार्ड आहे, ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, आजीवन व्हिसा म्हणतात त्याला. १३ मार्च २०२० ला भारताने ओसीआयवाल्यांची व्हिसाशिवाय येण्याची सोय स्थगित केली. २२ मे ला त्यातून काहींना सूट दिली, त्यात भारतीय आईबापांच्या परदेशात जन्मलेल्या अल्पवयीन मुलांचा नंबर पहिला होता, तेवढं बरं केलं. पण दोन महिन्यांहून जास्त काळ माझ्या लेकीला बापाकडे कराडला यायची सोय नव्हती आणि बापाला तिच्याकडे जायची नव्हती, कार्डावर आजीवन लिहिलेलं असूनही. म्हणून मी म्हणतो की कितीही लांबचा व्हिसा दिला तरी तो शेवटी व्हिसाच, अडचणीच्या दिवशी तो पहिला बंद होतो.

आता यावर जे आक्षेप घेतात ते मूर्ख नाहीत, त्यांचंही ऐकलं पाहिजे. पहिला आक्षेप खोट्या लग्नांचा. पैसे देऊन कागदावर लग्न लावून व्हिसा घेतात, हे थायलंडमध्ये होतं, पकडलेही जातात. तर मग पहिली दोन-तीन वर्षं कडक तपासा ना, घरी या, शेजाऱ्यांना विचारा, मी एकही तक्रार करणार नाही, बायकोही करणार नाही. पण अकराव्या वर्षी, ज्याचं मूल इथल्या शाळेत तिसरी-चौथीत आहे, त्याच्या बेडरूमचा फोटो मागून कुठलं खोटं लग्न सापडणार आहे? उलट ऑफिसातली माणसं आमच्यासारख्यांचे तेच तेच कागद लावण्यात अडकतात आणि ज्यांच्यावर नजर हवी त्यांच्यासाठी वेळ उरत नाही. दुसरा आक्षेप, हे लोक आमच्या सरकारी सोयींवर भार होतील. ३० बाहतमध्ये उपचार मिळतात ती थाई सरकारची योजना थाई नागरिकांसाठी आहे, माझ्यासारख्या नवऱ्याला ती लागू नाही, नोकरी आहे तोवर पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जाते, टॅक्स मी भरतो. तिसरा आक्षेप खोलवरचा आहे, की परदेशी पैशाने जमिनी जातील. त्याच्याकडे मी पुढे येतो.

कोणी म्हणेल मग पर्मनंट रेसिडेन्सी घे की. ती आहे, १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यात आहे, पण दर देशाला वर्षाला फक्त १००. भारत एवढा मोठा, त्यालाही १०० आणि छोट्याशा देशालाही १००. मंजूर झाल्यावर फी १ लाख ९१ हजार ४०० बाहत, थाई नागरिकाच्या जोडीदाराला निम्मी, ९५ हजार ७००. आणि ती मिळाल्यावरही देशाबाहेर जाताना परवानगीचे शिक्के लागतात, कामाचा परवाना लागतो. नागरिकत्वाचा रस्ता त्यापेक्षा बरा आहे, आणि इथे थायलंडचं कौतुक करायला पाहिजे, २००८ मध्ये त्यांनी नागरिकत्वाचा कायदा बदलला आणि थाई बाईच्या परदेशी नवऱ्याला आधी पर्मनंट रेसिडेन्सी घ्यायची अट काढून टाकली. तरी परदेशी बायकोसाठी वेगळं, सोपं कलम आहे आणि नवऱ्याने तीन वर्षं कामाचा परवाना, तीन वर्षांचा टॅक्स आणि ४० हजारांचा पगार दाखवायचा, म्हणजे घर सांभाळणारा नवरा, शेतीत बायकोला मदत करणारा नवरा, आजारी नवरा, यांना दार बंदच.

ज्याला हे बारीकसारीक वाटतं त्याने थायलंडच्याच इतिहासाकडे बघावं. १९६५ च्या कायद्यात मूल थाई ठरायचं ते मुख्यतः बापावरून. थाई आई, परदेशी बाप, मूल परदेशात जन्मलं तर ते परदेशी. १९७२ मध्ये लष्करी राजवटीच्या एका फर्मानाने तर थायलंडच्या मातीत जन्मलेल्या मुलांचंही नागरिकत्व काढून घेतलं, बाप तात्पुरत्या परवानगीवरचा परदेशी असेल तर. तेव्हाही देशाच्या सुरक्षेचंच कारण दिलं होतं. १९९२ मध्ये कायदा बदलला आणि आईवरूनही नागरिकत्व मिळायला लागलं. त्यामुळे थायलंड बुडालं का? आज मिश्र मुलं, ‘लूक खृंग’ म्हणतात त्यांना, म्हणजे अर्धंमुर्धं लेकरू, टीव्हीवर आहेत, खेळात आहेत, शेतात आहेत. त्यांच्यातल्या मुलग्यांना २१ व्या वर्षी सैन्यभरतीची चिठ्ठीही काढायला लागते, लाल निघाली तर भरती, काळी निघाली तर सुटका, नाहीतर शाळेत असताना तीन वर्षं सैनिकी प्रशिक्षण करायचं. दोन पासपोर्ट असलेला पोरगाही त्याच रांगेत उभा असतो. निष्ठा निष्ठा म्हणतात ती याहून वेगळी काय मागायची?

दुहेरी नागरिकत्वाबद्दल थाई कायदा मोकळेपणाने काही बोलत नाही, हा त्याचा दोष. कलम २२ म्हणतं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की थाई जातं, कलम ५ म्हणतं की जाणं राजपत्रात छापून आल्यावरच लागू होतं, परदेशी माणसाशी लग्न केलेल्याला कलम १३ म्हणतं की सोडायची इच्छा असेल तर सोडू शकता. मिश्र मुलांसाठी कलम १४ आहे, विसावं वर्ष उलटल्यावर एका वर्षाच्या आत थाई नागरिकत्व सोडायचा अर्ज करता येतो, आणि कित्येक आईबाप वर्षानुवर्षं समजत आले की तेव्हा एक निवडावंच लागतं. न निवडल्यास थाई नागरिकत्व आपोआप जातं असं त्यात लिहिलेलं नाही. म्हणजे व्यवहारात चालतं, लाखभर शंका मनात ठेवून चालतं. शिवाय माझ्यासारखा मागून नागरिक झालेला माणूस जुनं नागरिकत्व वापरताना सापडला तर त्याचं थाई नागरिकत्व काढून घ्यायची तरतूद कलम १९ मध्ये आहे. जे तुम्ही चालवून घेताय ते एकदा सरळ कायद्यात लिहा, माणसाने कुठल्या विमानतळावर कुठला पासपोर्ट काढायचा याची कुजबुज करत का जगायचं?

थायलंडचं दार किलकिलं तरी आहे, आपलं बंद आहे. घटनेचं कलम ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचंही कलम ९, स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व गेलं. गोव्याच्या माणसांना हे सांगायला नको, लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगीज झालेल्या किती घरांत भाऊ भारतीय आणि बहीण परदेशी असं झालंय. लेकीच्या वेळी मी हे सगळं पहिल्यांदा नीट वाचलं. परदेशात जन्मलेल्या मुलाची भारतीय म्हणून नोंद वर्षाच्या आत दूतावासात करायची, आणि त्या वेळी लिहून द्यायचं की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. पुढे सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीय जातं. लेक जन्मतःच थाई, तिने काही मागितलं नव्हतं, आईच्या रक्तातून आलं. आम्ही दोघांनी महिनाभर बोलून ठरवलं, थाई पासपोर्ट आणि ओसीआय. लहानपणी आपण तळ्यात-मळ्यात खेळायचो, चुकला तो बाद. सहा महिन्यांच्या बाळाच्या वतीने मी तो खेळ खेळलो, आणि बाद झालेली बाजू माझी.

गंमत नाही, खरंच विचार करा, २००२ च्या जानेवारीत एल. एम. सिंघवी यांच्या समितीने ठराविक देशांपुरतं दुहेरी नागरिकत्व द्यावं असं भारत सरकारला सांगितलं होतं. त्यातून निघालं ते ओसीआय, नावात सिटिझन आहे पण मत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तरी ओसीआयमधली एक गोष्ट मला मनापासून आवडते आणि ती थायलंडने उचलावी असं वाटतं. भारतीय माणसाच्या परदेशी जोडीदाराला लग्न नोंदवून दोन वर्षं झाली की ओसीआय मिळू शकतं. माझ्या बायकोकडे २०१७ पासून आहे. ती कराडला कधीही येऊ शकते, कितीही राहू शकते, पोलीस ठाण्यात नोंद नाही, बँकेत पैसे दाखवायचे नाहीत. घटस्फोट झाला तर ते जातं, तेवढं समजण्यासारखं आहे. आजवर ती पाच-सहा वेळाच आलीय, आणि तिच्या देशात तेरा वर्षं राहणारा मी दर तीन महिन्यांनी हजेरी लावतो. भारताने सुनेला जे दिलं ते थायलंडने जावयाला द्यावं, आणि थायलंड लेकीला जे खपवून घेतं ते भारताने उघडपणे द्यावं, दोन्हीकडचं चांगलं एकमेकांकडे जावं असं माझं मागणं आहे. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मोकळं केलं, तिथे थाई बायका किती वर्षं एका पासपोर्टसाठी अडून बसलेल्या होत्या.

आता जमीन. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन घेता येत नाही, फ्लॅट घेता येतो तोही इमारतीच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी लोकांना मिळून. १९९९ पर्यंत तर परदेशी माणसाशी लग्न केलेल्या थाई बाईलाही जमीन घेऊ देत नसत, नवऱ्याच्या हातात जाईल म्हणून, त्यामुळे कितीतरी बायका लग्न नोंदवायलाच घाबरायच्या. नंतर ते बदललं, पण एका अटीवर, दोघांनी जमीन कार्यालयात लिहून द्यायचं की हा पैसा बायकोचा स्वतःचा आहे. आम्ही खोन केनला सासऱ्यांच्या शेजारची वीस गुंठ्यांइतकी जागा घेतली तेव्हा मी त्या कागदावर सही केली. खरं सांगतो, हा नियम मी समजू शकतो. इसानमधल्या शेतकऱ्याची जमीन बाहेरच्या पैशासमोर टिकणार नाही ही भीती खरी आहे, आपल्याकडेही शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही ते याच कारणाने. जमिनीचा कायदा हवा तेवढा कडक ठेवा. पण जमिनीची भीती राहण्याच्या हक्काला चिकटवू नका, मला जमीन नको, त्या घरात म्हातारा होईपर्यंत राहता यावं एवढं हवंय.

कारण आज परिस्थिती अशी आहे की बायकोला काही झालं, देव न करो, तर लग्नाच्या आधारावरची पुढची मुदत मला मिळणार नाही, आणि वारसाने जमिनीचा वाटा आला तर तो वर्षभरात विकायला लागतो. आम्ही त्यासाठी जमिनीच्या कागदावर माझ्या नावाने हयातभर राहण्याचा हक्क नोंदवून घेतलाय, ‘सिथी केप किन’ म्हणतात. त्यामुळे कायद्याने मी मरेपर्यंत त्या घरात राहू शकतो, पण त्या देशात राहू शकतो का हे दुसरं खातं ठरवणार. उलट कराडची वडिलोपार्जित शेती लेकीला ओसीआय असूनही वारसाने मिळू शकते. आमच्या लेकीला सातारा जिल्ह्यातल्या मातीचा वाटा मिळेल आणि तिच्या बापाला तिच्या आईच्या घरात राहायला व्हिसा लागेल.

थायलंडने काय करावं हे मी अगदी नेमकं सांगू शकतो. लग्नाची पहिली तीन वर्षं आताचीच पद्धत, पण पैशाची अट घरातल्या दोघांच्या मिळून उत्पन्नावर आणि तीही गरीब घराला झेपेल अशी, नवरा-बायको दोघांना सारखी. तीन वर्षांनंतर किंवा मूल झाल्यावर पाच वर्षांचा व्हिसा, वर्षातून एकदा पत्ता, रीएंट्री त्यातच. जोडीदार गेला किंवा घटस्फोट झाला तरी ज्याचं मूल थाई आहे त्याला त्या मुलाजवळ राहता यावं. देशाचं दार बंद करायची वेळ आली तर नागरिकांच्या नवरा-बायकोला, आईबापांना नागरिकांबरोबरच आत घ्यावं. यातल्या एकाही गोष्टीसाठी कोणाची जमीन जात नाही.

माझी तीन वर्षांच्या टॅक्सची कागदं गेल्या वर्षी पूर्ण झाली, पगार अटीत बसतो, नागरिकत्वाचा अर्ज मी आज करू शकतो. फाइल कपाटात तयार आहे. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना तसं झालंय, थायलंड द्यायला तयार होईल कदाचित, पण घेतलं की भारताचा पासपोर्ट परत करायचा, मतदार यादीतलं नाव काढायचं, आणि कराडच्या घरी मी ओसीआय कार्ड घेऊन उतरायचं. बायको म्हणते तुला पाहिजे ते कर, पण डिसेंबरच्या आधी तिची झोप उडते ते मी बघतो. आईने ज्या एफडीचे पैसे मोडून मला परत इथे पाठवलं तिला मी अजून या फाइलबद्दल सांगितलेलं नाही.